बेचिराख गावातला दिवा

माउली, औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला तुम्ही आला असाल, निदान येण्याचा संकल्प तरी मनात असेल. बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात नागेशाचे स्थान दारुकावनात सांगितले आहे. द्वारकेजवळचे नागेश्वर आणि अल्मोड्याजवळचे जागेश्वर ही क्षेत्रेही हाच मान सांगतात. त्या वादात आपण वारकऱ्यांनी पडू नये. महाराष्ट्राच्या भाविकाला दारुकावन म्हणजे हिंगोली जिल्ह्यातले औंढा नागनाथ. पण होते असे की अरुंद पायऱ्यांनी खाली गाभाऱ्यात उतरावे, दर्शन घ्यावे, वर यावे, प्रसाद घ्यावा आणि गाडीकडे वळावे. देवाच्या पत्त्यातच वन आहे, आणि ते वन तेवढे पाहायचे राहून जाते.

आज तुम्हाला त्या रानात न्यायचे आहे. नुसती झाडे दाखवायला नव्हे. मराठवाड्याच्या डोंगराळ पट्ट्यात जिथे तिथे जशी आढळतात, तशी एक जागा पाहायची आहे. एके काळी तिथे गाव होते, आता नाही. आपल्याकडे अशा गावाला ‘बेचिराख’ म्हणतात. हा शब्द आधी नीट समजून घेऊ, कारण पुढची सगळी वाट त्याच्या उजेडात चालायची आहे.

‘बेचिराख’ म्हटले की आपल्याला राख आठवते. जळून खाक झालेले गाव डोळ्यांपुढे येते. मूळ शब्दात राख नाही. तो फारसीतून आला. ‘बे’ म्हणजे वाचून आणि ‘चिराग’ म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी एकही दिवा लागत नाही ते बेचिराग. बादशाही आणि पुढे निजामाच्या महसुली दफ्तरांत ओसाड गावाची नोंद या शब्दाने होत असे. मराठी जिभेवर ‘चिराग’चे ‘चिराख’ झाले आणि अर्थही दिव्याकडून राखेकडे सरकला. मराठवाड्यात आजही बेचिराख गावे कागदावर जिवंत आहेत. त्यांचे नाव आहे, शिव आहे, गट नंबर आहेत, सातबारा निघतो. शेजारच्या गावचे लोक तिथली शेती कसतात. फक्त दिवेलागणीला दिवा लावणारे कोणी नाही. कारकुनाने गाव मेले की नाही हे ठरवण्यासाठी घरे मोजली नाहीत, माणसे मोजली नाहीत, दिवा पाहिला. हे माप आपल्या संतांना पटले असते.

चला आता. अशा वाटेवर एकट्याने जाऊ नये. शेजारच्या गावातला एखादा जाणता गुराखी किंवा शेतकरी वाटाड्या म्हणून घ्यावा. राखीव जंगल असेल तर वन विभागाची परवानगी घ्यावी. कार्तिकी आटोपली की माघापर्यंतचे दिवस चांगले. गवत वाळू लागलेले असते, ऊन सोसवते, आणि पानगळीमुळे जमीन दिसू लागते. हे रान कोकणासारखे घनदाट नाही. साग, पळस, धावडा, सालई, खैर, टेंभुर्णी अशी कोरड्या प्रदेशातली, उन्हाळ्यात अंगावरची पाने टाकून देणारी झाडे. पायाखाली सागाची पाने करकर वाजतात.

वाटाड्या गाव जवळ आल्याचे सांगण्याआधी झाडेच सांगतात. सागपळसाच्या रानात अचानक एखादी जुनी, रुंद बुंध्याची चिंच दिसली की थांबा. चिंच माणसाच्या अंगणाची सोबतीण आहे. मग कडुनिंब, पिंपळ, वड दाटीने भेटतील. त्यांच्या खाली सीताफळाची झुडपे माजलेली असतील. पडक्या भिंतींच्या दगडमातीत सीताफळ फार चांगले रुजते. दौलताबादच्या किल्ल्यापासून लहानशा गढीपर्यंत कुठल्याही पडझडीवर ते आढळते. रानात माणूस कुठे राहत होता हे सांगणारी ही पहिली साक्ष.

दुसरी साक्ष पायाखालची. आतापर्यंत माती काळी किंवा मुरमाड तांबूस होती, ती आता फिकट, राखाडी, भुसभुशीत झाली. हिलाच आपले पूर्वज ‘पांढरी’ म्हणत. कसायची ती काळी आणि राहायची ती पांढरी. जुन्या कागदांत सगळ्या गावाला मिळून ‘काळी-पांढरी’ म्हटलेले असते. पांढरीला हा रंग माणसांनी दिलेला. शेकडो वर्षे चुलीतली राख, गोठ्यातले शेण, पडलेल्या घरांची माती, जनावरांची हाडे, धान्याचा कोंडा एकावर एक साचत गेले. म्हणून गावाची जागा आसपासच्या शेतांपेक्षा उंच, टेकाडासारखी दिसते. पांढरी आणि पंढरी हे शब्द कानाला किती जवळचे! त्यांची व्युत्पत्ती वेगळी असेल, तो पंडितांचा विषय. तरी वारकऱ्याच्या कानाला दोन्हींत एकच अर्थ ऐकू येतो, अनेक पिढ्यांनी पाय ठेवून पावन केलेली जमीन.

आता खाली वाका आणि निरखून पाहा. काहीही उचलून पिशवीत टाकू नका. घरांच्या भिंती दिसणार नाहीत, कारण त्या कच्च्या मातीच्या होत्या. धाब्याचे घर चार पावसाळे कोणी लिंपले नाही, छपरावरची माती चोपली नाही, की वाकते, ढासळते आणि जमिनीत मिसळते. पायाच्या दगडांच्या ओळी तेवढ्या गवतात राहतात. आणि विखुरलेली असतात ती खापरे. मडक्याचा काठ, रांजणाचा जाड तुकडा, एखाद्या परळाचा बूड. मधूनच काचेच्या बांगडीचा हिरवा-निळा तुकडा चमकतो. जात्याची फुटकी पाळी, झिजलेला पाटा, दगडात कोरलेले उखळ.

इथे क्षणभर बसा, माउली. याच औंढ्याशी जोडलेली आपल्या संप्रदायाची सर्वांत मोठी गोष्ट इथे आठवायची आहे.

संतमेळा जमला होता. मुक्ताईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी मडकी तपासायचे थापटणे हाती घेतले आणि एकेका संताच्या डोक्यावर थापटून पाहू लागले. सगळे शांत बसले. नामदेवांना तो अपमान वाटला, ते चिडले. गोरोबांनी निकाल दिला, हे मडके कच्चे आहे. नामदेव रडत पांडुरंगाकडे गेले, आणि पांडुरंगानेच त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे पाठवले. महिपतींनी ‘भक्तविजया’त ही कथा रंगवून सांगितली आहे. नामदेव देवळात आले तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी हटकले, तेव्हा विसोबा म्हणाले की जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय दुसरीकडे ठेवले, तिथे लिंग उभे राहिले. ज्या दिशेला पाय नेले त्या दिशेला देव होताच. तिथे नामदेवांचे मडके भाजून निघाले.

आता पायापाशी पाहा. सबंध गाव वितळून मातीत गेले. कच्च्या भिंती गेल्या, लाकूड वाळवीने खाल्ले, पत्रावळी, कापड, धान्य सारे गेले. राहिले ते भट्टीतून निघालेले. संशोधक प्राचीन वस्त्यांचा काळ ठरवतात तो पुष्कळदा या खापरांवरूनच, कारण भाजलेली माती हजारो वर्षे टिकते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठी इनामगावला १९६८ पासून पुढची अनेक वर्षे उत्खनन केले. तिथले शेतकरी सुमारे २७०० वर्षांपूर्वी गाव सोडून गेले होते. त्यांची भाषा कोणाला ठाऊक नाही, पण त्यांची मडकी आज हातात धरता येतात. जिथे नामदेव पक्के झाले त्या औंढ्याच्या परिसरात, उजाड गावाच्या खापरांवर उभे राहून गोरोबांचा निकाल पुन्हा आठवा. त्या थापटण्यात किती मोठे सत्य होते ते तुमच्या तळपायाला कळेल.

पुढे चला. गावाच्या वेशीच्या जागी मारुती असेल. घरे गेली, माणसे गेली, पण शेंदराचा थर ताजा असतो. शेजारच्या गावातले लोक, पुष्कळदा त्या उठून गेलेल्या घराण्यांचे वंशज, चैत्र पौर्णिमेला नाहीतर शनिवारी येऊन तेल-शेंदूर वाहतात. नव्या जोडप्याला जुन्या गावच्या देवाच्या पाया पडायला आणतात. जवळच एखादा वीरगळ मातीत अर्धा रुतलेला असेल. त्यावर चौकटी कोरलेल्या असतात. खाली लढाई किंवा पडलेला वीर, बाजूला कधी गाईगुरे, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना आणि शेंड्याला चंद्रसूर्य. गावची गुरे राखताना किंवा गावावर धाड आली असता जो पडला त्याची ही आठवण. नाव बहुधा कोरलेले नसते. आता गावच नाही, पण गावासाठी जीव देणारा उभा आहे.

आणखी एक गोष्ट पाहायला विसरू नका. खापरांचा पसारा मुख्य टेकाडापाशी संपतो आणि थोडी मोकळी जागा सोडून पुन्हा सुरू होतो. ती वेशीबाहेरची वस्ती. बारा बलुतेदारांशिवाय गाव उभे राहत नसे, तरी त्यातल्या काहींना गावकुसाच्या आत जागा नव्हती. आज दोन्ही ठिकाणची माती सारखीच पांढरी आहे आणि दोन्हींवर एकच सीताफळ वाढले आहे. काळाने जे अंतर मिटवले ते मिटवायला माणसांनी गाव उजाड होईपर्यंत थांबायला हवे होते का, हा प्रश्न त्या मोकळ्या पट्ट्यात उभे राहिले की आपोआप मनात येतो.

याच ठिकाणी नामदेवांची दुसरी गोष्ट आठवावी. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांसह ढिगाऱ्याखाली गेले. ती घटना शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ मधली मानली जाते. नामदेव मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यातल्या हाडांमध्ये चोखोबांची कोणती हे कसे ओळखावे? ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटत होता ती त्यांनी गोळा केली आणि पंढरपूरला महाद्वाराजवळ त्यांची समाधी बांधली. पडक्या दगडमातीत कान लावून बसलेले नामदेव डोळ्यांपुढे आणा. ज्यांना हयातीत देवळाची पायरी चढू दिली नाही त्यांना त्यांनी ढिगाऱ्यातून शोधून देवाच्या दारात आणले. उजाड जागा कशी पाहावी याचा धडा आपल्याला कोणी दिला असेल, तर तो नामदेवांनी.

आता तुम्ही वाटाड्याला विचाराल, “हे गाव उठले कशाने?” तो सांगेल, पटकी आली, नाहीतर दरोडे पडले, नाहीतर पाणी आटले, नाहीतर देवीचा कोप झाला. प्रत्येक गावाची आपली कथा असते आणि ती वाटाड्याकडूनच ऐकावी. महाराष्ट्राचा इतिहास मात्र सांगतो की पुष्कळदा ही सारी कारणे एकामागून एक येत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षे टिकला असे परंपरा सांगते. त्यात मुलूखच्या मुलूख ओस पडले. पंधराव्या शतकातला दुष्काळ दामाजीपंतांच्या नावाने लक्षात राहिला, कारण त्यांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारे भुकेल्यांना खुली केली. १६३० ते १६३२ चा दुष्काळ तर दख्खन आणि गुजरात दोन्हींवर कोसळला. पुढे फौजांच्या स्वाऱ्या, पेंढाऱ्यांच्या धाडी. १८९६ नंतर प्लेग, तेव्हा लोक गावठाण सोडून माळावर झोपड्या घालून राहत. १८९९-१९०० चा दुष्काळ. १९१८ चा एन्फ्लुएंझा. आणि स्वतंत्र भारतात याच तालुक्यात सिद्धेश्वर, त्याच्या वर येलदरी अशी पूर्णेवरची धरणे १९६० च्या दशकात उभी राहिली. त्यांनी हजारो एकरांना पाणी दिले. जलाशयाखाली ज्यांची पांढरी गेली त्यांना मात्र दुसरीकडे चूल मांडावी लागली.

गावे अशी मरतात हे काही आपल्याच देशात घडले नाही. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात वॉरम पर्सी नावाचे उजाड खेडे आहे. तिथे संशोधकांनी १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षे, दर उन्हाळ्यात येऊन उत्खनन केले. आधी वाटत होते की चौदाव्या शतकातल्या महामारीने गाव एका झपाट्यात मेले असेल. पुढे कळले की महामारीनंतरही लोक तिथे दीडशे वर्षे राहत होते. मग जमीनदारांना नांगरापेक्षा मेंढ्या फायद्याच्या वाटू लागल्या, कुळे उठवली गेली आणि घरे एकेक करून बंद झाली. आज तिथेही पडके देऊळ, म्हणजे त्यांचे चर्च, तेवढे उभे आहे, आणि लोक पायी चालत ते पाहायला जातात. गाव एका रात्रीत क्वचितच मरते. दिवे एकेक करून विझतात. म्हणूनच त्यातला एकही विझताना कोणाच्या लक्षात येत नाही.

पण गाव पुन्हा वसतही असे, हेही सांगितले पाहिजे. त्यासाठी आपल्याकडे रीतसर पद्धत होती. ओस पडलेल्या गावाला सरकारातून कौल मिळे. आलेल्या कुळाला पहिल्या वर्षी सारा माफ किंवा नाममात्र, मग दरवर्षी थोडा थोडा वाढवत काही वर्षांनी पूर्ण. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. पाटलाने कुळे जमवावीत, बलुतेदारांना बोलवावे, बी-बैलांची सोय करावी. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले आणि तिथे गाढवाचा नांगर फिरवला. त्याच पुण्यात जिजाऊसाहेबांनी बालशिवाजीच्या हातून सोन्याचा नांगर धरवला ही कथा मराठी मनात पक्की बसली आहे. तिच्यामागे कौल देऊन रयत परत आणण्याचे वर्षानुवर्षांचे काम होते.

त्याच दुष्काळात देहूला तुकोबांच्या घरी काय झाले हे तुम्हाला सांगायला नको. व्यापार बुडाला, थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मूलही गेले. अशा वेळी माणूस गाव सोडतो. तुकोबांनी काय केले? स्वतःच्या चरित्राविषयी त्यांनी जे अभंगांतून सांगून ठेवले आहे, त्यात एक साधी गोष्ट आहे. विठ्ठलाचे देऊळ पडझडीला आले होते, ते नीट करावे असे त्यांच्या मनात आले. सगळे गमावल्यावर त्यांचा हात आधी पडक्या देवळाकडे गेला. पुढचे कीर्तन, पुढचे अभंग, आज लाखोंच्या मुखी असलेली गाथा या साऱ्याच्या आधी देहूत हे एक भग्न देऊळ उभे राहिले. गावात दिवा लावणे म्हणजे काय ते यावरून समजावे.

औंढ्याचे मंदिरही तेच सांगते. परत गेलात की त्याच्या भिंती खालून वर पाहा. खालचा भाग यादवकालीन घडणीचा, काळ्या दगडात कोरलेल्या मूर्तींनी भरलेला. वरचे शिखर उत्तरकाळात बांधलेले, वेगळ्या हातांचे. मधे केव्हातरी मोठी मोडतोड झाली, हे दोन भागांच्या सांध्यातच दिसते. जीर्णोद्धाराचे श्रेय परंपरा अहिल्यादेवी होळकरांना देते. आणि हेच ते मंदिर, ज्याविषयी आपण लहानपणापासून ऐकतो की नामदेवांना समोर कीर्तन करू दिले नाही, ते मागे जाऊन गाऊ लागले, तेव्हा देऊळच फिरले. दिवा मागच्या बाजूला लागला म्हणून देवाने तोंड तिकडे वळवले, एवढाच त्याचा भाव.

नामदेवांच्या जीवनाचा शेवटचा मोठा टप्पा तर बेचिराख शब्दाच्या अगदी उलट आहे. याच हिंगोली जिल्ह्यात, कयाधू नदीकाठच्या नरसीला त्यांचा जन्म झाल्याचे आपण मानतो. उत्तरायुष्यात ते पंजाबात गेले. तिकडची परंपरा सांगते की गुरदासपूर भागात ते एका निर्जन रानात राहिले आणि त्यांच्याभोवती माणसे येऊन वसली. त्याचेच आजचे घुमान. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. २०१५ साली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले. एकीकडे लोक उठून गेले म्हणून गावाचे रान झाले. दुसरीकडे एक भक्त येऊन बसला म्हणून रानाचे गाव झाले. नागनाथाच्या दारुकावनात ज्याला देव सगळीकडे आहे हे कळले, त्याला पंजाबच्या ओसाड रानात परके वाटले नाही.

आता परतण्याआधी थोडे कडू बोलणे आहे, ते ऐकून घ्यावे. या पांढरी आता झपाट्याने नाहीशा होत आहेत. राखेची, शेणाची ही माती खतासारखी सकस, म्हणून पूर्वी बैलगाडीने थोडी थोडी नेत. आता जेसीबी लावला की एका दिवसात टेकाड सपाट होते. वीरगळ कुठे कपडे धुवायला, कुठे बांधात घातलेले आढळतात. त्याहून वाईट म्हणजे गुप्तधनाच्या आशेने रात्री खोदणारे. मारुतीच्या बैठकीखाली खड्डा, बारवेची पायरी उखडलेली हे दृश्य नवे नाही. जमिनीत काही सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हा कायदा १८७८ पासून आहे. अंगात दैवी शक्ती असल्याचे सांगून धन काढून देणाऱ्या भोंदूंना २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने शिक्षा आहे. पण कायद्याआधी आपली तुळशीमाळ आपल्याला अडवायला हवी. ज्या जात्यावर कोणा मायमाउलीने पहाटे ओव्या गायल्या, त्याच्या पाळीखाली हंडा शोधणे हे जनाबाईच्या लेकरांना शोभत नाही. गंगाखेडच्या त्या जनीने जाते ओढता ओढता देवाला हाक मारली. प्रत्येक बेचिराख गावात तसे एखादे जाते पडून आहे.

आणि दुसरे, याहून जवळचे. आपली आजची गावे पाहा. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात, कितीतरी घरांना अर्धे वर्ष कुलूप असते, म्हातारी माणसे ओट्यावर बसून राहतात. शिकलेली मुले पुण्या-संभाजीनगरला जातात ती सणालाच येतात. पोटासाठी जाणाऱ्याला दोष कसा द्यावा? तुकोबांच्या काळातही लोक पोटासाठीच उठले. पण मागे राहिलेल्या ओट्यावरच्या माणसाशी बोलायला, देवळात हरिपाठाला चार टाळकरी जमवायला, पाण्याचा एखादा जुना झरा उपसायला जे राहिले आहेत, त्यांनी हात आखडता घेऊ नये. वॉरमच्या लोकांनाही आपले गाव मरत आहे असे एखाद्या दिवशी कळले नसेल.

वारीत या सगळ्याची सोय आहे. आषाढीला शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी सेनगाव, औंढा, जवळा बाजार, परभणी, गंगाखेड, परळी अशी याच मुलखातून जाते. नरसीहून नामदेवांची पालखी निघते. शिवाय लहान लहान दिंड्या. शेकडो वर्षे माणसे या वाटांनी चालत आली आहेत आणि वाटेवरची गावे त्यांना पाणी पाजत आली आहेत. त्यांतली काही पाणी पाजणारी गावे आता नाहीत. पुढच्या वेळी विसाव्याला थांबलात की तिथल्या जाणत्या माणसाला एवढेच विचारा, “बाबा, तुमच्या शिवाराला लागून कुठले बेचिराख गाव आहे? त्याचे नाव काय?” तो हात करून दाखवेल आणि नाव सांगेल. ते नाव वहीत लिहून ठेवा. तिथे मारुती कुठे, बारव कुठे, कोणती घराणी उठून कुठल्या गावी गेली, हेही लिहा. शाळेतल्या पोरांकडून लिहून घ्या. हे सांगणारी पिढी आता थकत चालली आहे.

शेवटी मनात येईल की आलो आहोत तर या दिवा नसलेल्या गावात मारुतीपुढे एक पणती लावावी. भाव चांगला आहे, पण लावू नका. माघानंतर रान कोरडे होते, जमिनीवर सागाच्या पानांचा थर असतो, वाऱ्याने एक ठिणगी गेली तर डोंगर पेटतो. मग खरोखरच राख उरेल, आणि शब्दाचा चुकीचा अर्थ आपण खरा करून ठेवू. मारुतीला हात जोडा, थोडे तेल वाहा, भोवतीचे गवत काढा, प्लॅस्टिक दिसले तर उचलून आणा. विसोबांनी नामदेवांना विचारले होते की देव नाही अशी जागा दाखव. ती जागा हीही नव्हे. आपण लावला नाही म्हणून इथे अंधार आहे असे नाही.

दिवा आपल्या घरी लावा. दिवेलागणीला हरिपाठ म्हणायला बसाल तेव्हा आपल्या गावाच्या शेजारच्या त्या उठून गेलेल्या गावाचे नाव एकदा घ्या, तिथल्या अनाम माणसांसाठी विठ्ठलाला हात जोडा, आणि मगच टाळ हाती घ्या.

रामकृष्ण हरी.